सॅविनच्या संध्याकाळचा फोटो

१

जाळायचा कचरा उचलण्याचा दिवस होता. चैत्राली पिशवी घेऊन खाली उतरली, तर कचऱ्याच्या जाळीपाशी तीन बायका उभ्या होत्या. तिला पाहताच त्यांचं बोलणं थांबलं. तिघींनी वाकून ‘ओहायो गोझाइमास’ असा सकाळचा नमस्कार केला आणि तिघी तीन दिशांना गेल्या. त्या ज्याच्याकडे बघत होत्या तो सूचनाफलक तेवढा मागे राहिला.

फलकावर वहीच्या पानाएवढा फोटो होता. मेणबत्त्यांचा उजेड, मागे काळोख. दोन्ही बाजूंना डोक्यावरून टोप ओढलेल्या, काळ्या झग्यातल्या दोन आकृती, धुरासारख्या पुसट. मधोमध काळ्या मुठीचा सुरा छातीशी धरून उभी असलेली बाई मात्र स्वच्छ दिसत होती. कपाळावरची टिकलीसुद्धा. ती चैत्राली होती, आणि ती हसत होती.

खाली जपानीत एकच ओळ होती. तिला ती अडखळत वाचता आली : आपल्या शेजारी असे जमाव आढळल्यास कृपया कळवा.

ते १९९५ साल होतं. मार्चमध्ये एका पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला होता आणि त्या पंथात शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ होते, हे सगळ्या देशाला कळलं होतं. त्सुकुबासारख्या संशोधनसंस्थांच्या गावात तेव्हापासून शेजारी शेजाऱ्याकडे निरखून बघत होता.

दुपारी चैत्राली शिकवत होती त्या बालवाडीतून फोन आला. मुख्याध्यापिका फार नम्रपणे म्हणाल्या, की तिने काही दिवस विश्रांती घ्यावी. किती दिवस ते त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी दोन पोलीस आले. त्यांनी चहा घेतला, सुरा पाहायला मागितला, त्याला धार नाही हे बोट फिरवून पाहिलं आणि माफी मागून गेले.

“मी तुला सांगितलं होतं,” तिचा नवरा रणजित म्हणाला. तो एका संशोधनसंस्थेत सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर होता. “हे लोक आता कुठलंही गूढ काही सहन करणार नाहीत.”

चैत्रालीने फलकावरून उतरवून आणलेला फोटो जवळ ओढला. मग हळू म्हणाली, “हा खिडकीतून काढलेला नाही, रणजित. खिडक्यांना आतून घोंगड्या लावल्या होत्या. हा आतून काढलाय. आणि आत आम्ही चौघीच होतो.”

२

वरच्या मजल्यावर देवस्थळी राहायचे. लक्ष्मीकांत देवस्थळी पदार्थविज्ञानाचे पाहुणे संशोधक, आणि त्यांच्या पत्नी स्नेहलता साताऱ्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं फौजदारी वकिली केलेल्या. नवऱ्याबरोबर जपानला आल्या आणि घरी बसायची सवय नसल्यामुळे त्यांची चिडचिड व्हायची. फलकावरचा फोटो त्यांनीच उतरवून आणला होता.

“बस,” त्या चैत्रालीला म्हणाल्या. “हे काय आहे ते मला पहिल्यापासून सांग. चेटूकबिटूक शब्द मला घाबरवत नाही. चेटकीण ठरवून मारलेल्या बाईची केस मी लढलेय.”

“काकू, ते तसलं नाही,” चैत्राली म्हणाली. “याला विका म्हणतात. वर्षाचे आठ सण, चंद्राची पूजा, एक देवी, एक देव. वर्तुळ आखायचं, दिशांना दिवे लावायचे. कुणाचं वाईट चिंतायचं नाही, हा पहिला नियम. ऑड्रीने मला तिथे नेलं.”

ऑड्री पेनफोल्ड साठीची इंग्रज बाई. भाषाशाळेत इंग्रजी शिकवायची, शेजारच्याच इमारतीत एकटी राहायची. तिचं म्हणणं असं, की ही विद्या तिला आजीकडून मिळाली, आजीला तिच्या आजीकडून, आणि अशी ती माळ ख्रिस्ताच्या आधीपर्यंत जाते. जपानमध्ये ठिकठिकाणी अशी लहान मंडळं होती. डिसेंबरात ती सगळी टोकियोला एकत्र जमणार होती आणि ऑड्रीला तिथे ज्येष्ठ म्हणून मान मिळणार होता.

“आणि बाकीच्या दोघी?”

“ओनोदा मिदोरी-सान. गावाबाहेर तिच्या शेतघरात आम्ही जमतो. भाषांतराची कामं करते. आणि आपली सुप्रभा.”

“तुझा संशय कुणावर?”

चैत्रालीने मान खाली घातली. “संशय नाही, काकू. मी मिदोरी-सानला सकाळीच फोन केला. घर तिचं, चांगला कॅमेरा फक्त तिच्याकडे, आणि ती जपानीतली ओळ आमच्यापैकी दुसरं कोण लिहिणार? मी तिला म्हटलं, तू हे का केलंस?”

“काय म्हणाली?”

“‘असं का,’ एवढंच. आणि फोन ठेवला.”

“आरोप आधी आणि विचार नंतर,” स्नेहलताबाई म्हणाल्या. “ठीक आहे. तू या मंडळात गेलीस कशासाठी, ते अजून सांगितलं नाहीस.”

गेल्या वर्षी सातव्या महिन्यात चैत्रालीचं मूल पोटातच गेलं होतं. मुलगी. इस्पितळातले सगळे कागद रणजितने भरले. नाव ठेवलं तर जास्त त्रास होईल, असं तो म्हणाला, पुण्याहून सासूबाईही तेच म्हणाल्या आणि तो विषय घरातून नाहीसा झाला. ऑड्रीने मात्र तिला विचारलं होतं, तिचं नाव काय?

“सॅविन हा त्यांचा पितरांचा सण. ऑक्टोबरच्या शेवटी. त्या संध्याकाळी गेलेल्याचं नाव मोठ्याने घेतात. माझ्या मुलीचं नाव मी फक्त ऑड्रीच्या कानात सांगितलं होतं. तिने ते घेतलं.” चैत्रालीने डोळे पुसले. “तेवढ्यासाठी मी जात होते, काकू. आजीची ती विद्या दोन हजार वर्षांची आहे की चाळीस, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी ऑड्रीला तसं सांगितलंही.”

“म्हणजे? चाळीस कुठून आलं?”

“ते काही नाही. तिने मला नवख्यांसाठी विकाच्या इतिहासावर एक टिपण लिहायला सांगितलं होतं. मी इतिहासात एम. ए. आहे म्हणून. ते लिहिताना वाचलं थोडं.”

स्नेहलताबाईंनी फोटो पुन्हा उचलला. “हे टिपण इतर कुणी वाचलं?”

“मिदोरी-सान भाषांतर करणार होती. पण अजून दिलं नव्हतं. फक्त ऑड्रीने वाचलं.”

३

दुसऱ्या दिवशी स्नेहलताबाईंनी रणजितला गाडी काढायला लावली. चैत्रालीला त्यांनी घरीच ठेवलं.

मिदोरी-सानचं शेतघर भातखाचरांच्या कडेला होतं. दार तिने उघडलं, पण दोघांना ओट्यावरच बसवलं. पंचेचाळिशीची, केस बारीक कापलेली बाई. तिने न मागताच कॅमेरा आणून समोर ठेवला. जुना आणि विटेसारखा जड.

“माझ्याकडे हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “मला लपून फोटो काढायचा असता तर मी हा वापरला नसता. याचा आवाज त्या खोलीभर झाला असता.”

“त्या संध्याकाळी कोण कुठे होतं?”

“चैत्राली-सान मध्यभागी. तिच्यासमोर वेदी म्हणून छोटं टेबल. आम्ही तिघी भोवती. टोप पुढे ओढले होते आणि डोळे मिटले होते. मी फक्त माझे पाय कुठे होते ते सांगू शकते.”

“वर्तुळातून कुणी बाहेर गेलं?”

“एकदा आखलं की त्यातून असंच बाहेर पडत नाहीत. सुऱ्याने हवेत दार कापावं लागतं. सुरा चैत्राली-सानच्या हातात होता.”

स्नेहलताबाईंनी फोटो पुढे केला. मिदोरी-सानने तो पहिल्यांदाच पाहिला. फोटोपेक्षा खालच्या ओळीवर ती जास्त वेळ थांबली, आणि मग तिने कागद तिरका धरला.

“हे कुणी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “छापील कागदातून ही ओळ कापली, फोटोखाली चिकटवली आणि मग झेरॉक्स काढली. ही बघा, कात्रीच्या कडेची बारीक रेघ. मला जपानीत एक ओळ लिहायची तर कात्री कशाला लागेल?”

रणजित पुढे वाकून ती रेघ बघू लागला.

“ही भाषा रहिवासी संघाची आहे,” ती म्हणाली. “अशी पत्रकं इमारतींमध्ये घरोघर देतात. माझ्या घराला कुठलीच इमारत नाही.” तिने कागद परत दिला. “हे वाक्य तुमच्याकडून आलंय, देवस्थळी-सान. तुमच्याच आवारातून.”

४

सुप्रभा दोन जिने पलीकडे राहायची. दार उघडताच तिने आधी जिन्यात कुणी आहे का ते पाहिलं.

“काकू, मी झगा फाडून टाकला,” ती बसायच्या आत म्हणाली. “मोहन म्हणाले, आपल्या व्हिसावर येईल. मी चैत्रालीकडे गेले नाही, मला माहितेय. मला फार भीती वाटली.”

“फोटो तू काढलास?”

“नाही हो. मला वाटलं, रणजितने. त्याला ते आवडत नव्हतं.”

“रणजित घरात नव्हता आणि खिडक्या झाकलेल्या होत्या.” स्नेहलताबाईंची नजर स्वयंपाकघराच्या भिंतीकडे गेली. कचऱ्याच्या वारांच्या तक्त्याशेजारी एक पत्रक लावलेलं होतं. “हे कधीचं?”

“मे महिन्यातलं. त्या रेल्वेच्या प्रकारानंतर रहिवासी संघाने सगळ्या घरांत वाटलं होतं.”

त्यांनी फलकावरचा कागद त्याच्याशेजारी धरला. पत्रकातली शेवटची ओळ अक्षरन् अक्षर तीच होती. एका अक्षराची शाई छापताना तुटली होती, ती दोन्हीकडे त्याच जागी तुटलेली होती. सुप्रभाचं पत्रक मात्र अखंड होतं.

“आता त्या संध्याकाळचं सांग. तू काय करत होतीस?”

“झुलत होते. मी आणि मिदोरी-सान. ऑड्रीने सांगितलं होतं, मंत्र म्हणताना एकसारखं झुलायचं, थांबायचं नाही. चैत्रालीला मात्र तिने सांगितलं, डोळे मीट, नाव ऐकलंस की उघड, पण घंटा वाजेपर्यंत अजिबात हलू नकोस.”

“नेहमी असंच करता?”

“छे. नाव घेतलं की माणूस लगेच पुढे येतो. यावेळी ते वेगळं होतं. ऑड्री म्हणाली, तिच्या आजीची जुनी पद्धत आहे.”

स्नेहलताबाई उठल्या. दाराशी त्यांनी सहज विचारलं, “हलणाऱ्या माणसाचा अंधारात फोटो काढला तर तो कसा येतो गं?”

“धूसर येतो,” सुप्रभा म्हणाली. बोलून झाल्यावर तिचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला.

५

संध्याकाळी चैत्रालीच्या टेबलावर फोटो मध्ये ठेवून तिघं बसले.

“फ्लॅश वापरला असता तर तुम्हाला कळलं असतं,” स्नेहलताबाई म्हणाल्या. “मेणबत्तीच्या उजेडात फोटो काढायचा, तर कॅमेरा कशावर तरी टेकवून ठेवावा लागतो आणि माणसाला निश्चल उभं राहावं लागतं. मला ठाऊक नव्हतं, लक्ष्मीकांतना विचारलं. बाकीच्या दोघी पुसट आल्या कारण त्यांना झुलायला लावलं होतं. तू स्वच्छ आलीस कारण तुला हलू नको म्हटलं होतं. आता खाली बघ, फोटोच्या कडेला हे काळं, गोल काय आहे?”

“पेल्याची कड,” चैत्राली म्हणाली. “वेदीवरचा पेला.”

“म्हणजे कॅमेरा वेदीवर होता, पेल्याच्या आडोशाला.”

“तो कुणीही ठेवला असेल,” रणजित म्हणाला. “आपोआप निघणारे कॅमेरे असतात.”

“असतात. पण तुझी बायको डोळे कधी उघडणार हे त्या कॅमेऱ्याला कळत नाही. तिचे डोळे मिटलेले होते. कधी उघडायचे होते, चैत्राली?”

“नाव ऐकल्यावर.”

“ते नाव किती जणांना माहीत होतं?”

चैत्रालीने फोटो हातात घेतला.

“मी ओळख परेड पुष्कळ पाहिल्या,” स्नेहलताबाई आता हळू बोलत होत्या. “माणूस कुणाकडे बघतोय हे मी आधी बघते. तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेस. तुझी नजर वीतभर वर आहे. कॅमेऱ्याच्या मागे, वेदीच्या पलीकडे कुणाचा तरी चेहरा आहे. तुझ्या मुलीचं नाव ज्या तोंडातून आलं त्याच्याकडे बघून तू हसते आहेस.”

“नाही,” चैत्राली म्हणाली. “ऑड्री नाही, काकू. डोळ्यांत पाणी होतं, कोण कुठे उभं होतं ते मला दिसलंच नाही. या दोघींपैकी एक ऑड्री आहे. फोटो पाहून तिनेच सांगितलं मला, डावीकडची ती.”

“झुलणाऱ्या दोघी होत्या. मिदोरी-सान आणि सुप्रभा. आणि टोपाखाली दोघी सारख्याच दिसतात, हे जिला माहीत होतं तिनेच तुला डावीकडची मी असं सांगितलं.”

चैत्राली उठून बेसिनपाशी गेली. नळ सोडून तशीच उभी राहिली. पाठ वळवूनच तिने विचारलं, “का पण? मी तिचं काय वाकडं केलं?”

“ते तूच सांग. टिपणात काय लिहिलं होतंस?”

तिने नळ बंद केला आणि सांगितलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिने मिळेल ते वाचलं होतं. जुन्या मूर्तिपूजकांचा धर्म चेटकिणींच्या रूपात गुपचूप टिकून राहिला, हा सिद्धांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकप्रिय झाला आणि पुढे इतिहासकारांना त्याला आधार सापडला नाही. इंग्लंडमधला चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर तिथला एक निवृत्त कस्टम अधिकारी उघडपणे सांगू लागला, की आपल्याला एका प्राचीन मंडळाची दीक्षा मिळाली आहे. त्याच्या विधींत गुप्त संघटनांचे समारंभ होते, लोककथा होत्या, कविता होत्या. त्याच्या मंडळातल्या एका बाईने ते सगळं पुन्हा नीट, सुंदर लिहून काढलं. देवीच्या तोंडचं जे भाषण ऑड्री आपल्या आजीच्या आजीचं म्हणून म्हणायची, ते त्याच बाईने पन्नासच्या दशकात घडवलेलं होतं.

“मी लिहिलं होतं, हा धर्म माझ्या आईपेक्षाही लहान आहे. आणि त्याने काही बिघडत नाही. मला वाटलं, ते वाचून तिला बरं वाटेल. तिने माझ्या कपाळावर ओठ टेकले. म्हणाली, डिसेंबरात टोकियोला तूच वाच.”

मग रणजितने विचारलं, “काय नाव ठेवलंस?”

चैत्रालीने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“आपल्या मुलीचं,” तो म्हणाला. “जगात एका परक्या बाईला माहीत आहे आणि मला नाही.”

“केतकी,” ती म्हणाली.

रणजितने चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्नेहलताबाई उठल्या आणि दार लोटून घेऊन वर गेल्या.

६

ऑड्रीने चैत्राली आणि स्नेहलताबाईंना आत घेतलं, चहा ठेवला, बिस्किटं काढली. स्नेहलताबाईंनी पुरावा थोडक्यात मांडला. शेवटी त्या म्हणाल्या, “मे महिन्यातलं रहिवासी संघाचं पत्रक तुमच्याकडे असेल. बघू शकते का?”

ऑड्री जागची उठली नाही. कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाली, “त्याची गरज नाही. मला जपानी लिहिता येत नाही. त्या ओळीचा अर्थ मात्र मला माहीत होता.”

“आणि चुकून कुणी विचारलंच, तर मिदोरी-सानचं नाव पुढे येणार होतं,” स्नेहलताबाई म्हणाल्या.

“ते मी ठरवलं नव्हतं.” ऑड्री म्हणाली, “पण थांबवलंही नाही.”

चैत्राली इतका वेळ उंबऱ्याजवळ कोट न काढता उभी होती. “तुमची आजी होती का?”

“होती. लोकांचे कपडे धुवायची. रविवारी चर्चला जायची आणि मी फार बोलते म्हणून मला मारायची.” ऑड्रीचा आवाज शिकवताना असतो तसाच होता. “तिशीत मी एका पुस्तकाच्या दुकानात या मार्गाबद्दल वाचलं. लोकांना आजी आवडते, चैत्राली. पुस्तकाच्या दुकानातून आलेली विद्या कुणाला नको असते. वीस वर्षं मी ती आजी सांभाळली. तू दहा पानांत तिला पुसलंस आणि वर लिहिलंस, काही बिघडत नाही.”

“मला सांगायचं होतंत. मी फाडलं असतं.”

“फाडलं असतंस, पण तुला माहीत राहिलंच असतं. माझ्याकडे बघताना तुझ्या डोळ्यांत दिसलं असतं. टोकियोला तू पोचू नयेस, एवढंच मला हवं होतं. अशी फलकावर चेहरा लागलेली बाई तिथे कुणाला चालली नसती. बालवाडीचं मी धरलं नव्हतं.”

“दुसरा कुठलाही क्षण घ्यायचा होतात,” चैत्राली म्हणाली. “सुरा पुसताना, दिवा लावताना. तुम्ही माझ्या मुलीचं नाव घेतलंत आणि बटण दाबलंत.”

ऑड्रीने पहिल्यांदा नजर खाली वळवली. “तुझा चेहरा तेव्हाच दिसणार होता. इतर वेळी तू खाली बघत असतेस.”

चैत्राली वळली आणि जिना उतरू लागली. खाली आल्यावर ती म्हणाली, “काकू, आजी नसती तरी मी तिच्याकडे गेले असते.”

“ठाऊक आहे,” स्नेहलताबाई म्हणाल्या. “ते तिलाच कळलं नाही.”

७

पोलिसांना पुन्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. बालवाडीने दुसरी शिक्षिका नेमली. ऑड्री टोकियोच्या मेळाव्याला गेलीच नाही. नाताळच्या आधी तिने घर सोडलं, कुठे गेली ते भाषाशाळेतही कुणाला ठाऊक नव्हतं. सुप्रभा आता जिन्यात भेटली की थांबायची, आपल्या मुलांबद्दल बोलायची. चैत्रालीही बोलायची. दोघी एकमेकींच्या घरी जात नव्हत्या.

मिदोरी-सानकडे चैत्राली एकटी गेली, सायकलवर. ओट्यापाशी उभी राहून तिने चूक कबूल केली आणि माफी मागितली.

मिदोरी-सानने शेवटपर्यंत ऐकलं. “तुम्ही दोन-तीन वर्षांनी आपल्या देशात जाल,” ती म्हणाली. “पोलीस माझ्याकडेही आले होते. गावातल्या लोकांनी त्यांची गाडी पाहिली. मला इथेच मरायचं आहे. तुमच्या फोननंतर दिवसभर मी विचार करत होते, की माझ्या घरात वर्षभर जेवलेल्या बाईला मी तशी वाटू शकले.” ती वाकली. चैत्रालीही वाकली. दार बंद झालं.

फेब्रुवारीत एका सकाळी फोन वाजला.

“तुमचं टिपण,” पलीकडून मिदोरी-सान म्हणाली. “योकोहामाच्या मंडळाने मागितलंय. देवस्थळी-सानने त्याची प्रत मला पाठवली होती. मी भाषांतराला घेतलंय.”

चैत्रालीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही म्हणता, हा धर्म माणसांनी बनवला. जपानीत त्याला दोन शब्द आहेत. एक कुणी खोटा पुरावा बनवतो तेव्हा वापरतात. दुसरा, कुंभार भांडं बनवतो तेव्हा. तुम्हाला कुठला हवा?”

बाहेर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती आणि कावळे जाळी ओढत होते. चैत्राली खुर्ची ओढून बसली. आधी तिच्या मनात ऑड्री आली, आणि मग पन्नासच्या दशकात कुठल्याशा टेबलाशी बसून देवीचं भाषण लिहिणारी ती अनोळखी बाई.

“दोन्ही लागतील,” ती म्हणाली. “कुठे कुठला, ते एकत्र बसून ठरवावं लागेल.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“गुरुवारी या,” मिदोरी-सान म्हणाली. “दुपारी. जेवून या.”